सिस्टरच्या हाकेला कुणी यायचं, हे लिहून द्या: रुग्णालयांच्या प्रमुखांना सेप्सिसबद्दल खुले पत्र

प्रति,
रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक, व्यवस्थापन मंडळ आणि सर्व विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मी साध्या वॉर्डात काम करणारी नर्स आहे. आयसीयूत प्रत्येक खाटेला मॉनिटर असतो, रात्रभर डॉक्टर जवळ असतो. वॉर्डात तसं नसतं. एकेका सिस्टरकडे बरेच रुग्ण असतात आणि दोन राउंडच्या मधल्या वेळात त्यांच्याकडे लक्ष ठेवणारं दुसरं कुणी नसतं. सेप्सिसवरच्या बैठकांत चर्चा होते ती बहुतेक आयसीयूतल्या उपचारांची: कुठलं औषध, किती सलाईन, व्हेंटिलेटर कधी. रुग्ण तिथे पोहोचण्याआधी वॉर्डात जे तास जातात त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वॉर्डातला रुग्ण बिघडत चालला होता आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, असं क्वचित घडतं. कुणाला तरी शंका आलेली असते, आकडे चार्टवर लिहिलेले असतात. अडतं ते त्याच्या पुढे. कुणाला कळवायचं, त्याने किती वेळात यायचं, तो आला नाही तर पुढचा फोन कुणाला, आणि तोवर सिस्टरने स्वतःच्या अधिकारात काय सुरू करायचं, हे ठरलेलं नसतं. आणि हे ठरवणं आमच्या नाही, तुमच्या हातात आहे.

सेप्सिस म्हणजे नेमकं काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण हे पत्र रुग्णांचे नातेवाईकही वाचतील, त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. शरीरात कुठेतरी जंतुसंसर्ग होतो, फुप्फुसात, मूत्रमार्गात, पोटात, ऑपरेशनच्या जखमेत. त्याच्याशी लढताना शरीराचा प्रतिसाद ताबा सुटल्यासारखा वागू लागतो आणि स्वतःच्याच अवयवांना इजा करतो. २०१६ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येचा गाभा हाच आहे: संसर्ग, बेताल झालेला प्रतिसाद, आणि त्यातून जिवावर बेतणारा अवयवांचा बिघाड. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक. त्याच २०१७ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने सेप्सिसवर ठराव करून सर्व देशांना प्रतिबंध, निदान आणि उपचार सुधारायला सांगितलं. ठराव होऊन इतकी वर्षं झाली, तरी वॉर्डातली रात्र फारशी बदललेली नाही.

एक गोष्ट तुम्ही स्वतः करून बघा. कुठल्याही वॉर्डातले आठवडाभराचे चार्ट मागवा आणि फक्त श्वासाचा रकाना वाचत जा. १८, २०, १८, २०, २०, १८. खाट बदलते, आजार बदलतो, आकडा बदलत नाही. माझ्या सहकाऱ्यांची तक्रार म्हणून मी हे लिहीत नाही. नाडी आणि बीपी यंत्र दाखवतं, बोटाला चिमटा लावला की ऑक्सिजन कळतो. श्वास मात्र रुग्णाच्या छातीकडे बघत, घड्याळ हातात धरून, पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो, तोही त्याला न सांगता, कारण सांगितलं की तो श्वास बदलतो. २५ रुग्ण असतील तर नुसते श्वास मोजायला २५ मिनिटं. ती मिनिटं ड्यूटीच्या आखणीत कुठेच धरलेली नसतात, म्हणून तिथे अंदाज लिहिला जातो.

आणि नेमका हाच आकडा सगळ्यांत आधी बोलू लागतो. पेशींना पुरेसा रक्तपुरवठा मिळेनासा झाला की रक्तातलं लॅक्टेट आणि आम्ल वाढतं, आणि शरीर श्वास वाढवून ते भरून काढायचा प्रयत्न करतं. मिनिटाला १६ वेळा श्वास घेणारा माणूस २४, २६ वर जातो. बीपी तेव्हाही चांगलं असू शकतं. तरुण माणसात आणि लहान मुलांत तर शरीर रक्तवाहिन्या आवळून बीपी टिकवून धरतं आणि मग एकदम कोसळतं. बीपी पडेपर्यंत वाट बघणाऱ्या वॉर्डाला सेप्सिस नेहमी उशिराच सापडतो.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून आमच्या डोक्यात बसलेलं असतं की संसर्ग म्हणजे ताप. पण वय झालेल्या, अशक्त, स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णाला ताप येतोच असं नाही. उलट अंग गार पडलं, तापमान ३६ च्या खाली गेलं, तर ते जास्त वाईट लक्षण आहे. बीटा ब्लॉकरच्या गोळ्या चालू असतील तर नाडी वाढत नाही. ज्याचं बीपी एरवी १६० असतं त्याचं ११० झालं, तर चार्टवर ते नॉर्मल दिसतं, त्या माणसासाठी ते नॉर्मल नसतं. सावळ्या त्वचेवर पांढुरकेपणा आणि डाग चटकन दिसत नाहीत. तिथे ओठ, जीभ, तळहात, नखं बघावी लागतात. लघवी किती झाली हे तासातासाला मोजलं तर मूत्रपिंडाची खबर लागते. वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्धा मिलीपेक्षा कमी होऊ लागली की कान टवकारायला हवेत. बोटाच्या टोकावर १० सेकंद घट्ट दाबून सोडायचं, आणि ३ सेकंदांत रंग परत आला नाही तर रक्ताभिसरण बिघडतंय असं समजायचं. याला पैसा लागत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसमुळे रक्ताभिसरण कोलमडून बीपी पडलेल्या, रुग्णांवर ही बोटाची तपासणी बघत केलेले उपचार, लॅक्टेट बघत केलेल्या उपचारांच्या तुलनेत मागे पडले नाहीत.

हे सगळं एका ठिकाणी बांधण्यासाठी गुणांकन पद्धती आहेत. ब्रिटनमध्ये २०१७ पासून वापरात असलेल्या ‘न्यूज टू’मध्ये श्वास, ऑक्सिजन, तो बाहेरून द्यावा लागतोय का, बीपी, नाडी, शुद्ध आणि तापमान यांचे गुण मिळवतात. बेरीज ५ झाली की तातडीने तपासणी, ७ झाली की धावपळ. त्यात नव्याने सुरू झालेल्या गोंधळलेपणालाही गुण आहेत, आणि ते फार योग्य केलं. २०१६ मध्ये आलेली तीन लक्षणांची छोटी पद्धत, क्यूसोफा, मात्र एकटीच चाळणी म्हणून वापरू नका, असं २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं. तिच्यात बसेपर्यंत बरेच रुग्ण पुढे गेलेले असतात. तुमच्याकडे अजून तोच तक्ता भिंतीवर असेल तर काढा.

आता तक्ता असूनही काय होतं ते सांगते. एका रात्री माझ्याकडे आतड्याचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस असलेल्या एक आजी होत्या. तापमान ३६.१. बीपी १०८. ऑक्सिजन ठीक. त्यांची मुलगी काउंटरवर येऊन म्हणाली, “सिस्टर, आई मला मावशीच्या नावाने हाक मारतेय. दुपारी अशी नव्हती.” मी जाऊन श्वास मोजला, २६. पुन्हा मोजला, २६. पाय गुडघ्यापर्यंत गार. पिशवीत संध्याकाळपासून जेमतेम लघवी. ड्यूटीवरचे रेसिडेंट डॉक्टर थिएटरमध्ये होते. निरोप पाठवला. उत्तर आलं, “ताप आहे का? नाही ना? सलाईन चालू ठेवा, बाहेर आलो की बघतो.” ते आले तेव्हा पहाट होत आली होती, बीपी ८० वर आलं होतं, आणि आतड्याचा जोड गळत असल्याचं सकाळी स्कॅनमध्ये दिसलं. आजी वाचल्या. पण त्या चालत दवाखान्यात आल्या होत्या, आणि घरी गेल्या त्या दोघांच्या आधाराने.

त्या डॉक्टरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांचे हात एका उघड्या पोटात होते. माझा प्रश्न इतकाच आहे की त्यांचा निरोप आल्यावर मी पुढचा फोन कुणाला करायचा होता? हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. वरिष्ठांना घरी उठवलं तर सकाळी विचारणा होते, “ताप नसताना फोन कशाला केलात?” अशा प्रश्नाने एक सिस्टर गप्प बसते, आणि तिला बघून वॉर्डातल्या बाकीच्याही.

मुलीचं वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलं. “अशी नव्हती” हे सांगणारी माणसं आमच्यापेक्षा आधी ओळखतात, कारण त्यांना कालचा माणूस माहीत असतो. न्यूयॉर्कमध्ये २०१२ साली रॉरी स्टाँटन हा १२ वर्षांचा मुलगा शाळेत हाताला खरचटल्यानंतर आजारी पडला. आपत्कालीन विभागातून त्याला घरी पाठवलं गेलं. तो निघून गेल्यावर आलेले रक्ताचे असामान्य रिपोर्ट त्याच्या आईवडिलांपर्यंत पोहोचलेच नाहीत. काही दिवसांत तो गेला. २०१३ मध्ये त्या राज्याने सगळ्या रुग्णालयांना सेप्सिस ओळखण्याची आणि उपचाराची लेखी पद्धत बंधनकारक केली. लोक तिला रॉरीच्या नावाने ओळखतात. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी २०२१ मध्ये सेप्सिसने गेली. तिला वेळेत आयसीयूत हलवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असं चौकशीत निष्पन्न झालं. तिचे आईवडील काळजी व्यक्त करत होते, ती ऐकली गेली नव्हती. त्यातून २०२४ पासून तिथे ‘मार्थाचा नियम’ लागू होऊ लागला: रुग्णाला किंवा नातेवाइकाला वाटलं की काहीतरी बिघडतंय आणि कुणी ऐकत नाही, तर ते थेट दुसऱ्या तज्ज्ञ पथकाला बोलावू शकतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तर असा नियम २०१३ पासून आहे, रायन नावाच्या एका लहान मुलाच्या मृत्यूनंतर आलेला. या तिन्ही नियमांच्या मागे एकेक मूल आहे. आपल्या रुग्णालयाने नियम करण्यासाठी अशा एका नावाची वाट बघू नये.

नुसतं पथक नेमून भागत नाही, हेही सांगायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या २३ रुग्णालयांत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तातडीची पथकं नेमूनही एकूण निकालात ठळक फरक दिसला नाही. त्यातली मला सगळ्यांत बोलकी वाटणारी बाब ही की निकष पूर्ण झालेले असूनही अनेक रुग्णांसाठी पथकाला बोलावलंच गेलं नव्हतं. फोन उचलणाऱ्या हाताला भीती वाटत असेल तर पथक खोलीत बसून राहतं. म्हणून माझी पहिली मागणी लेखी आदेशाची आहे, आणि त्यात हे वाक्य हवं: शंका खोटी ठरली तरी बोलावणाऱ्याला कुणीही जाब विचारणार नाही. तुमच्या सहीने, प्रत्येक वॉर्डात लावलेलं. कुणी विचारलाच, तर त्याला तुम्ही बोलवायचं.

आता औषधाकडे येते. सेप्टिक शॉकच्या रुग्णांवरचा २००६ चा एक अभ्यास वारंवार सांगितला जातो: बीपी पडल्यावर योग्य अँटिबायोटिक द्यायला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरागणिक वाचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटली. न्यूयॉर्कच्या नियमानंतर तिथल्या १४९ रुग्णालयांतल्या सुमारे ४९ हजार रुग्णांची माहिती २०१७ मध्ये आली, त्यात हा परिणाम सौम्य दिसला, पण दिशा तीच होती. आता प्रश्न असा की हा तास जातो कुठे? डॉक्टरने अँटिबायोटिक लिहिलं ती वेळ आणि ते शिरेत गेलं ती वेळ, यांतलं अंतर कधी मोजलंय का? लिहिलेलं औषध फार्मसीकडे जातं, तिथून मंजुरी, मग कुणीतरी आणायला जातं, मग कळतं की शीर सापडत नाही. केस पेपरवर मात्र औषध “दिलं” असं डॉक्टरने लिहिलेल्या वेळेपासूनच धरलं जातं.

यावर उपाय अवघड नाहीत. नेहमी लागणाऱ्या दोन-तीन अँटिबायोटिकचा पहिला डोस वॉर्डाच्या कपाटात ठेवा, हिशोब नंतर होईल. सेफट्रायक्झोन किंवा मेरोपेनेमसारखी औषधं काही मिनिटांत सावकाश शिरेतून देता येतात, व्हँकोमायसिनला तासभर किंवा जास्त लागतो. एकच शीर मिळाली असेल तर आधी बीटा लॅक्टम गटातलं (वरची पहिली दोन त्याच गटातली) औषध द्यायचं, हे लेखी असावं, नाहीतर जे हाताशी आलं ते आधी लावलं जातं. कल्चर, म्हणजे जंतू शोधायला रक्ताचा नमुना, औषधाच्या आधी घ्यायचं, मोठ्या माणसात दोन संच, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त. दोन मिली रक्तात जंतू सापडला नाही म्हणून संसर्ग नाही असं होत नाही. पण कल्चरसाठी औषध पाऊण तासापेक्षा जास्त अडवायचं नाही. बीपी सावरेना तर ते वाढवणारं नॉरअ‍ॅड्रिनलिन हे औषध साध्या शिरेतून सुरू करायला आता मार्गदर्शक सूचनांचीही हरकत नाही, मानेत नळी टाकेपर्यंत थांबायचं कारण नाही.

आणि दुसरा डोस. याबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून जरा थांबून सांगते. पहिला डोस आपत्कालीन विभागात धावपळ करून दिला जातो. मग रुग्ण वॉर्डात हलतो, ऑर्डर नव्याने लिहिली जाते, आणि सिस्टमने ठरवलेली वेळ येते दुसऱ्या दिवशी सकाळची. ज्या औषधाचा डोस सहा किंवा आठ तासांनी हवा तो बारा-चौदा तासांनी जातो. परदेशातल्या अभ्यासांतही दुसऱ्या डोसला असा मोठा उशीर सर्रास आढळला आहे. हलवाहलवीच्या कागदावर “पुढचा डोस किती वाजता” एवढा एक रकाना वाढवा.

विभागप्रमुखांचा आक्षेप मला माहीत आहे: अशाने प्रत्येक धापेला अँटिबायोटिक जाईल आणि जंतू औषधांना दाद देईनासे होतील. ही भीती खरी आहे, मी ती रोज बघते. म्हणूनच २०२१ च्या सूचनांनी फरक केला आहे. शॉक असेल किंवा सेप्सिसची शक्यता दाट असेल तर तासाभरात औषध. शॉक नाही आणि शंका असेल तर आधी झटपट तपासणी, आणि शंका टिकली तर तीन तासांच्या आत. म्हणजे लवकर हवं आहे ते अनुभवी डॉक्टरचं येणं. औषध द्यायचं की नाही ते त्याने रुग्णाला बघून ठरवावं, फोनवरून नाही. आणि ४८ तासांनी कल्चर बघून औषध थांबवण्याचा किंवा सौम्य औषधावर उतरवण्याचा निर्णयही तितक्याच शिस्तीने लिहिला जावा.

सलाईनच्या बाबतीतही तेच. मोठ्या माणसाला पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोमागे ३० मिली ही सूचना आहे, पण ती आंधळेपणाने पाळायची नाही. आफ्रिकेतल्या मुलांवरच्या २०११ च्या चाचणीत झपाट्याने सलाईन दिलेल्या गटात ४८ तासांतले मृत्यू जास्त निघाले, १०.५ टक्के विरुद्ध ७.३. झांबियातल्या मोठ्या माणसांवरच्या २०१७ च्या चाचणीतही ठरावीक पद्धतीने भरपूर सलाईन देणं महागात पडलं. जिथे आयसीयू आणि व्हेंटिलेटर हाताशी नाही तिथे हे विशेष लक्षात ठेवावं लागतं. बाटली लावून निघून जाणं हा उपचार नाही. प्रत्येक बाटलीनंतर कुणीतरी परत येऊन श्वास, फुप्फुसांचा आवाज आणि बोटाचा रंग बघायला हवा, आणि त्यासाठी माणूस हवा.

काही रुग्णालयं यावर सॉफ्टवेअर घेत आहेत. घ्या, पण तपासून घ्या. अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत वापरलं जाणारं सेप्सिसचं एक इशारा-सॉफ्टवेअर २०२१ मध्ये स्वतंत्रपणे तपासलं गेलं, तेव्हा सेप्सिस झालेल्या रुग्णांपैकी दोन तृतीयांश त्याच्या नजरेतून सुटले, आणि तरीही दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांसाठी त्याने घंटा वाजवली. शिवाय श्वासाच्या रकान्यात अंदाजाने २० लिहिलेलं असेल तर कुठलंही यंत्र त्यातून काय ओळखणार? त्या पैशातून आधी रात्रपाळीला एक जास्तीची सिस्टर द्या.

कुठून सुरुवात करायची म्हणाल, तर तुमच्या रुग्णालयात सेप्सिसने वॉर्डातून आयसीयूत गेलेल्या अलीकडच्या दहा रुग्णांचे केस पेपर काढा. प्रत्येकाच्या बाबतीत चार वेळा शोधा: पहिला बिघडलेला आकडा चार्टवर कधी लिहिला गेला, डॉक्टरला कधी कळवलं, डॉक्टर खाटेशी कधी आला, आणि अँटिबायोटिक शिरेत कधी गेलं. दुसरी वेळ बहुतेक कागदांवर सापडणारच नाही, कारण ती लिहायला जागाच नसते. ती जागा उद्याच छापून घ्या. मग बैठक लावा. त्या बैठकीला फक्त मेट्रन आणि विभागप्रमुख नकोत. त्या त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या सिस्टर आणि रेसिडेंट डॉक्टरांनाही बोलवा, रात्रपाळी संपवून त्यांना दुपारपर्यंत थांबावं लागणार नाही अशी वेळ ठेवा, आणि पहिल्यांदा त्यांना बोलू द्या.

आपली,
वॉर्डातली एक नर्स